जखमेतल्या पाण्याला वाट

अंजनगाव सुर्जीचे नाव शाळेच्या इतिहासात बहुधा एकदाच येते. ‘३० डिसेंबर १८०३, सुर्जी-अंजनगावचा तह’ एवढी एक ओळ. मुले ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. या भागातल्या मास्तरांना मात्र ती ओळ विसरता येत नाही. शहानूर नदीकाठची ही जुळी वस्ती, तिचे पानमळे, पानपिंपरीच्या बागा रोज डोळ्यांसमोर असतात, आणि याच मातीत दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी आर्थर वेलस्लीपुढे दक्षिणेतला हक्क सोडून दिला, हे मनात राहते.

तहाची कलमे आज मला सांगायची नाहीत. त्या तहाच्या आधीचे तीन महिने आठवा. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. तीन ठिकाणी माणसे पडली. असईच्या जखमी इंग्रजी शिपायांसाठी अजिंठ्याला इस्पितळ उभे केले होते. आपल्या बाजूच्या जखमींना जे गाव जवळ तेच इस्पितळ. या लढायांत कोण जिंकले ते पुस्तकात असते. पण जे लगेच मेले नाहीत, आठ-पंधरा दिवसांनी मेले, ते कशाने मेले, हे पुस्तकात नसते. ते मेले जखम आत सडल्याने. वरून कातडी मिटू लागे, आत पू आणि पाणी साचे, ताप चढे, आणि माणूस जाई. त्या काळी युरोपातले मोठमोठे डॉक्टरसुद्धा जखमेत दाट पू धरला की तो शुभ मानीत.

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, आज विषय तरी कोणता? विषय असा की बायकांच्या छातीत कर्करोगाची गाठ झाली, स्तन काढावा लागला, तर त्यानंतर जखमेत एक रबरी किंवा प्लास्टिकची नळी ठेवतात. तिच्या टोकाला एक डबी असते. ती नळी-डबी घेऊन बाई आठ-पंधरा दिवस घरात वावरते. दवाखान्यात तिला ‘ड्रेन’ म्हणतात. ही नळी कुठून आली, तिच्यासाठी किती माणसांनी डोके झिजवले आणि किती बायकांनी सोसले, तो इतिहास मी सांगणार आहे. मला तो सांगावासा का वाटतो, ते पुढे कळेल.

अंजनगावच्या तहाला दहा महिनेही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. १३ ऑक्टोबर १८०४. जपानात किई प्रांतातल्या एका खेड्यात हानाओका सेइशू नावाच्या वैद्याने साठ वर्षांच्या एका बाईच्या छातीतली गाठ कापून काढली. बाईला काही कळले नाही, कारण तिला आधी एक काढा पाजून बेशुद्ध केले होते. त्या काढ्यात मुख्य औषध कोणते म्हणाल? धोतरा! आपल्या शेताच्या बांधावर उगवतो, महादेवाला वाहतो, तोच धोतऱ्याचा वंश, शिवाय बचनाग. दोन्ही जहरी. (कुणी घरी प्रयोग करू नये, हे मी हात जोडून सांगतो. हानाओकाने वीस वर्षांच्या आसपास खपून ते प्रमाण बसवले, आणि त्याच्या बायकोने ते स्वतःवर करून घेताना डोळे गमावले असे सांगतात.) ती म्हातारी शस्त्रक्रियेतून उठली, रोगाने मात्र तिला काही महिन्यांतच गाठले. पुढे हानाओकाने अशा दीडशेहून अधिक बायकांवर उपचार केले. जपानची दारे परक्यांना बंद होती, म्हणून जगाला याची खबर उशिरा लागली.

खबर न लागण्याची किंमत काय असते, ते पाहा. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन काढला. कापणारा होता लारे, नेपोलियनच्या फौजेचा नामांकित शस्त्रवैद्य. भूल नाही. पोटात थोडी दारू, तोंडावर एक झिरझिरीत रुमाल, आणि खोलीत काळ्या कपड्यांतले सात पुरुष. त्या रुमालातून तिला पात्याची चकाकी दिसली. सुमारे वीस मिनिटे ते चालले. नंतर कित्येक महिने तिला त्याविषयी बोलता येईना; अखेर तिने बहिणीला एक लांबलचक पत्र लिहिले, आणि ते लिहून झाल्यावर पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली, हे नशीब. तिच्यासारख्या किती जणी जखम चिघळून गेल्या, त्यांनी पत्रे लिहिली नाहीत.

भूल आली ती बोस्टनमध्ये, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, ईथरची. पुढच्याच वर्षी एडिंबरोत क्लोरोफॉर्म आला. दुःख थांबले, पण मरण थांबले नाही. उलट डॉक्टर निर्धास्तपणे खोल कापू लागले, आणि मोठ्या जखमा जास्त सडू लागल्या. कारण जखमेत जंतू शिरतात हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि आत साचलेल्या पाण्याला बाहेर यायला नीट वाट नव्हती.

वाट द्यावी ही बुद्धी मात्र जुनी आहे. आपल्या सुश्रुताने गळू फोडल्यावर आत औषधाची वात घालायला सांगितली आहे. तिळाचा कल्क, मध आणि तूप लावलेली, फार ओशट नाही आणि फार कोरडीही नाही अशी. जलोदरात पोटातले पाणी काढायला त्याने कथिलासारख्या धातूची दोन्ही तोंडे मोकळी असलेली नळी किंवा पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी वापरली. आणि वर बजावले की सगळे पाणी एका दिवसात काढू नका. हे मी अभिमानाने सांगतो, पण सर्व काही आपल्याकडे होते असा टेंभा मिरवणाऱ्यांतला मी नव्हे. सुश्रुताची विद्या पुढे हातांतून सुटली, हेही तितकेच खरे.

‘ड्रेन’ हा शब्द मुळात शेतीतला आहे. पाणथळ जमिनीत चर काढून साचलेले पाणी बाहेर घालवायचे, त्याला इंग्रजीत हा शब्द. आपल्या काळ्या कपाशीच्या रानात आषाढात पाणी तुंबले की शेतकरी काय करतो? कुदळ घेऊन बांध फोडतो, चर काढतो, नाहीतर मुळे सडतात. पॅरिसच्या शासेन्याक नावाच्या डॉक्टरने १८५९ मध्ये पू आणि त्याला वाट देण्याच्या उपचारावर मोठा ग्रंथ लिहिला आणि शेतातली हीच युक्ती माणसाच्या देहात आणली. त्याने भोके पाडलेल्या रबरी नळ्या जखमेत ठेवल्या. रबर मऊ, वाकणारे. आतल्या मांसाला टोचत नाही. पण नळी स्वच्छ हवी, हे अजून त्यालाही कळले नव्हते.

ते कळले जोसेफ लिस्टरला. जखमेत कार्बोलिक ॲसिड वापरून जंतू मारता येतात, हे त्याने १८६७ मध्ये जगापुढे मांडले. त्याच वर्षी त्याची सख्खी बहीण इझाबेला छातीतली गाठ घेऊन त्याच्याकडे आली. दुसऱ्या डॉक्टरांनी हात लावायला नकार दिला होता. लिस्टरने ग्लासगोतल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, क्लोरोफॉर्म देऊन तिची शस्त्रक्रिया केली. जखम सडली नाही. बहीण आणखी तीन वर्षे जगली. भावाने बहिणीवर शस्त्र चालवायचे म्हणजे काय, याची कल्पना ज्याच्या घरी बहीण आहे त्याने करावी.

पुढची गोष्ट राणीची. सप्टेंबर १८७१. व्हिक्टोरिया राणी स्कॉटलंडमधल्या बालमोरलला होती, आणि तिच्या काखेत मोठे गळू झाले. लिस्टरला बोलावले. त्याने गळू फोडले, आत कापडाची वात घातली, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो वातीनेच तोंड बुजले आहे, आत पू कोंडला आहे. तेव्हा त्याने कार्बोलिक फवारण्याच्या आपल्या यंत्राचीच रबरी नळी कापली, तिला भोके पाडली, रात्रभर औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि सकाळी राणीच्या काखेत बसवली. त्याच्या पुढच्या दिवशी पू थांबून नुसते स्वच्छ पाणी आले. देवगावच्या तहाने वऱ्हाड भोसल्यांकडून निजामाकडे आणि पुढे इंग्रजांकडे गेले, त्या राज्याची ही राणी. पण तिच्याही काखेतल्या पाण्याला नळीवाचून वाट नव्हती. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढाव्या लागतात, आणि नळीही तिथेच ठेवावी लागते. म्हणून ही राणीची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो.

आता लांबचा पल्ला भरभर ओलांडू. अमेरिकेत बाल्टिमोरला हॉलस्टेड नावाच्या सर्जनने स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सगळे एकदम काढण्याची पद्धत बसवली आणि १८९४ मध्ये पन्नास बायकांचा अहवाल दिला. (शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे प्रचारात आणले तेही याच गृहस्थाने, औषधाने एका परिचारिकेचे हात फुटू लागले म्हणून. पुढे त्याने तिच्याशीच लग्न केले.) ही शस्त्रक्रिया अवाढव्य होती आणि सत्तर-ऐंशी वर्षे जगभर चालली. १९४८ मध्ये लंडनच्या पेटीने मोठा स्नायू राखून तीच गोष्ट साधली. १९७१ पासून अमेरिकेत फिशर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो बायकांच्या नोंदी ठेवून सिद्ध केले की इतके कापून जास्त बायका वाचत नाहीत. आज गाठ लहान असताना सापडली तर पुष्कळदा स्तन राखता येतो.

पण स्तन काढला की आत पोकळी राहतेच. कातडी आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये रिकामी जागा पडते. काखेतल्या रसवाहिन्या तुटलेल्या असतात; त्या झिरपत राहतात. नुसती नळी ठेवली तर पाणी आपल्या ओघाने येईल तेवढेच येते, आणि उघड्या तोंडातून बाहेरचे जंतू आत जातात. १९४७ मध्ये अमेरिकेत मर्फी नावाच्या सर्जनने हवेच्या दाबाने ही पोकळी मिटवण्याची कल्पना मांडली. १९५४ मध्ये पॅरिसच्या रेदोंने हवा काढलेली बाटली नळीला जोडली. १९७१ मध्ये जॅक्सन आणि प्रॅट या दोघा अमेरिकनांनी डोक्याच्या शस्त्रक्रियेसाठी हातात मावणारा मऊ सिलिकॉनचा फुगा केला. तोच पुढे छातीच्या जखमेलाही लागू पडला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चुण्यांची डबी मिळते, पेटीच्या भात्यासारखी. भाता दाबून हवा काढायची आणि बूच लावायचे. दाबलेला भाता पुन्हा फुलू पाहतो. फुलताना तो आतले पाणी ओढतो, आणि कातडी स्नायूला चिकटून बसते. चिकटली की ती जोडली जाते. सगळी किमया एवढीच आहे, श्रोतेहो. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. पण डबी दाबलेली नसेल तर ती निव्वळ डबी आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी एक मावशी अंजनगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. गाठ तिला दोन वर्षे ठाऊक होती. कुणाला दाखवायची लाज, आणि दुखत नव्हती म्हणून चिंता नाही. दुखत नाही ती गाठच आधी दाखवावी, हे तिला कुणी सांगितले नव्हते, मीही नाही. मी इतिहास शिकवत होतो. शेवटी शस्त्रक्रिया झाली आणि पाचव्या दिवशी तिला नळीसकट घरी सोडले. कुठल्या दवाखान्यातून, ते सांगून उपयोग नाही. गर्दी होती, सुटी देताना सांगितलेले अर्धे कानाआड गेले. घरी आल्यावर डबी लुगड्याच्या आत लपवली. मी भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “बापू, लोकायले काय सांगू हे काय लटकून हाये तं?” मी डबी पाहिली. ती फुग्यासारखी फुललेली होती, तीन भाग भरलेली. रिकामी करून दाबायची असते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. काखेखाली कातडी टरटरून फुगली होती.

त्या संध्याकाळी आम्ही ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळे पुन्हा सांगितले, दुसऱ्या दिवशी बोलावून सुईने साचलेले पाणी काढले, नळी तपासली. तेव्हापासून ते काम मावशीच्या नातीने अंगावर घेतले. सातवीतली पोर. साबणाने हात धुवायचे. बूच उघडायचे, बुचाच्या तोंडाला बोट लावायचे नाही. पाणी खुणा असलेल्या मापात ओतायचे. डबी पूर्ण दाबून, दाबलेली असतानाच बूच लावायचे. माप वहीत लिहायचे. पुन्हा हात धुवायचे. डॉक्टरांनी नळी पिळायलाही शिकवले: एका हाताने नळी कातडीजवळ घट्ट धरायची, की टाक्याला ओढ लागू नये, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी वरून खाली निथळायची, म्हणजे आतली गुठळी सुटते. डबी जखमेच्या खालच्या पातळीवर, पोलक्याला किंवा कमरेच्या नाडीला अडकवलेली. झोपताना ती अंगाखाली येऊ द्यायची नाही.

वही मी पाहिली आहे. पहिल्या दिवसाचा आकडा १८० मिलिलीटर, रंग ‘लाल पाणी’. मग १५०, ११०, ९५. चौथ्या ओळीवर रंग ‘गुलाबी’. मग ७०, ५५, ४०, आणि रंग ‘पिवळसर, उसाच्या रसासारखा’. असेच उतरत जायला हवे. बहुतेक सर्जन दिवसाचे माप तीस मिलिलीटरच्या आत आले आणि सलग दोन दिवस तसेच राहिले की नळी काढतात. कुणाची आठवड्यात निघते, कुणाची दोन-तीन आठवडे राहते. कुणाची शेजारीण चार दिवसांत सुटली म्हणून आपली चार दिवसांत निघेल असे नाही, आणि ती घरी ओढून काढण्याची गोष्ट तर बोलूच नये. पोळा आला, लग्न आले, म्हणून डॉक्टरांच्या मागे लागून लवकर काढून घेण्याचाही हट्ट नको. पाणी मागे साचतेच.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. तुमच्या गावात अशी बाई घरी आली, तर ती आणि तिच्या घरचे विचारायला बहुधा तुमच्याकडेच येतील. तेव्हा एवढे ध्यानात असू द्या: ताप आला, जखमेभोवती लाली आणि गरमपणा वाढला, पाण्याला दुर्गंधी आली किंवा ते गढूळ पुवासारखे झाले, रंग फिका होता होता एकाएकी पुन्हा लालभडक झाला, वाहणे एकदम थांबून काखेत फुगवटा आला, नळी बाहेर सरकली, किंवा डबी दाबली तरी लगेच फुलते आणि हवा धरीत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, राख, गोमूत्र, पाला यांपैकी काहीही नळीच्या भोकाशी नेऊ नये. लिस्टरने जे जंतू मारले तेच आपण हाताने आत घालू. आणि हात अगदी बांधून ठेवायचा नाही. कोपर, मनगट, मूठ हलवत राहायचे, केस विंचरायचे. खांद्याचे मोठे व्यायाम नळी निघाल्यावर डॉक्टर सांगतील तसे.

स्वच्छतेचे हे शास्त्र अंजनगावच्या माणसाला परके नसावे. याच तालुक्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. ते गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर गाडगे, आणि ज्या गावी जाल ते गाव आधी झाडायचे. त्यांनी देवळे बांधली नाहीत; धर्मशाळा बांधल्या. मुंबईला जे. जे. रुग्णालयात खेड्यातले लोक दुखणेकरी घेऊन येतात आणि पदपथावर झोपतात हे पाहून त्यांनी तिथे नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि तिथे परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगी गावोगावहून येऊन राहतात.

टाटा रुग्णालयाचीही कथा एका बाईपासून सुरू होते. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजीही वर्षभरात गेले. त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय उघडले, तेव्हा खाटा होत्या ऐंशी. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. आपल्या विदर्भात नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला तुकडोजी महाराजांचे नाव आहे. महाराजांनाही १९६८ मध्ये याच रोगाने नेले. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाख बायकांवर टाटाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग केला: शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका घरोघरच्या बायकांची हाताने तपासणी करीत. २०२१ मध्ये निकाल आला. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांतले मरण सुमारे तीस टक्क्यांनी घटले. मोठे यंत्र नाही, शिकलेला हात. गावच्या आशाताईला हे शिकवता येईल का, असे मला राहून राहून वाटते.

अंजनगावहून शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरला नेई आणि तिथून मुंबईची मोठी गाडी मिळे. आता शकुंतला बंद आहे, माणसे एस. टी. ने किंवा जीपने जातात. मावशीही पुढच्या तपासणीला तशीच जाऊन आली, आणि गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरली. शेंडगावचा बाबा इतक्या दूर आपल्याला भेटेल असे तिला वाटले नव्हते. तिथे तिच्या खोलीत लातूर, नांदेड, धुळ्याकडच्या बायका होत्या. दोघींच्या पोलक्याला डब्या अडकवलेल्या होत्या, आणि कुणी त्या लपवीत नव्हते. मावशीने एकीला डबी कशी दाबायची ते दाखवले.

नातीच्या वहीतली शेवटची नोंद आहे तेराव्या दिवसाची: ‘२० मिली. पिवळे. नळी काढली. आजी रडली नाही.’ त्यापुढच्या पानांवर दुधाचा हिशेब आहे.